तिसऱ्या गल्लीचं अनुभवकथन

सोमवार, ३ फेब्रुवारी

चिमे,

वर ‘प्रिय’ लिहिलेलं नाही, कारण ते वाचून तू पत्र तिथेच मिटशील हे मला ठाऊक आहे. खुशाली विचारत नाही, सांगतही नाही. मला कुणापाशी तरी ओकायचं आहे आणि या वस्तीत तसं एकही माणूस उरलेलं नाही, कारण सगळी वस्ती सध्या व्याख्यानं ऐकते आहे.

चेष्टा करत नाही. विद्यापीठाने आपल्या वस्तीशी ‘भागीदारी’ केली आहे. दर शनिवारी संध्याकाळी सभागृहात खुली व्याख्यानमाला, विषय आपला सरसाचा कारखाना. सभागृह म्हणजे तीच जुनी पॅकिंगची शेड. कारखाना बंद पडल्यावर रहिवासी संघाने ती ताब्यात घेतली आणि पांढरा रंग दिला. हवा दमट झाली की भिंतींतून अजून तो वास येतो. पहिल्या दिवशी प्राध्यापक व्यासपीठावर उभे राहिले, डोळे मिटून त्यांनी तो वास छातीत भरून घेतला आणि म्हणाले, हा श्रमाचा गंध आहे. अगं, तो चिकट सरसासाठी उकळलेल्या हाडांचा आणि सडक्या कातड्याचा वास आहे. शाळेत ज्या वासापायी मुली आपल्यापासून बाक लांब सरकवायच्या, तोच. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या असतील, हात मोकळे असते तर. मी पाण्याचे पेले धरून उभी होते.

मी संघाची सचिव झाले आहे. झाले म्हणजे काय, बैठकीत सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि मी चुकून वर पाहिलं. दिवसभर औषधाच्या दुकानात उभं राहायचं आणि शनिवारी खुर्च्या लावायच्या. विद्यापीठाकडून एक समन्वयक बाई येतात. स्वभावाने वाईट नाहीत, पण श्वास घेतात तसा ‘सहभाग’ हा शब्द घेतात, म्हणून मी त्यांचं नाव सहभागबाई ठेवलं आहे. त्यांचा नियम असा, की प्राध्यापकांचं बोलणं झालं की वस्तीतल्या एकाने उठून कारखान्याचा अनुभव सांगायचा. कोणी सांगायचा, यावर वस्तीने डोकं खाजवलंसुद्धा नाही. टाकीची सफाई, सभागृहाची झाडलोट, आजाऱ्याला दवाखान्यात पोचवणं, आपल्याकडे सगळं गल्लीच्या पाळीने. मग दुःखही गल्लीच्या पाळीने.

पहिल्या गल्लीच्या वजनकाटेवाल्याने कारखान्यात बोट गेलं ते सांगितलं. लोक हळहळले, चहा-बिस्किटं झाली. परवा दुसऱ्या गल्लीचा बॉयलरवाला उभा राहिला आणि त्याने भाजलेला अख्खा हात बाही वर करून दाखवला. पहिल्या गल्लीला ते चांगलंच झोंबलं. आज सकाळी वजनकाटेवाला दुकानात येऊन मला सांगत होता की तशी त्याची दोन बोटं गेली होती, त्यातलं एक पुढे सुधारलं. मी मोजून बघितली नाहीत. चौथ्या गल्लीत म्हणे आतापासूनच शोध चालू आहे, कोणाच्या घरात काय काय झालं होतं याचा.

आणि या सगळ्यात बाबा. जुने मुकादम म्हणून त्यांना सहभागबाईंनी ज्येष्ठ मार्गदर्शक केलं आहे. ज्याची पाळी असेल तो आधी आपल्या घरी येतो. बाबा त्याला समोर बसवून शिकवतात: इथे थांब, इथे पाणी पी, रडायचं असेल तर शेवटी रड, मध्ये रडलास तर पुढचं ऐकू जात नाही. शनिवारी इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसतात. प्राध्यापक खाली येऊन त्यांचा हात हातात घेतात तेव्हा त्यांचा चेहरा असा काही खुलतो की मला शिसारी येते. आई जाऊन महिनाही झाला नव्हता, तेव्हा त्याच कारखान्याची मुकादमकी त्यांनी घेतली आणि मोठी झाल्यावर तू त्यापायीच घर सोडलंस. आता त्याच मुकादमकीचा मान ते मिरवत बसले आहेत, आणि घरी आल्यावर मला विचारतात, मी कसा दिसत होतो.

तुला काय लिहिणार याचं उत्तर? मी त्यांना ‘बरे’ म्हटलं.

ताई

रविवार, ९ फेब्रुवारी

चिमे,

तुझं कार्ड मिळालं. ‘त्यांच्याबद्दल मला लिहू नकोस.’ पत्ता लिहायलाच तुला जास्त शाई लागली असेल. पण हे पत्र आईबद्दल आहे. निदान शेवटपर्यंत वाच, मग जाळ नाहीतर ठेव.

काल तिसऱ्या गल्लीची पाळी होती. तिसरी गल्ली आता तुझ्या ओळखीची राहिली नाही. तिथली सगळी बिऱ्हाडं कारखाना बंद पडल्यानंतर आली. त्यांच्यातल्या एकानेही सरसाची वडी पाहिलेली नाही. मी म्हटलं होतं की त्यांना वगळू या. लगेच त्यांची माणसं भांडायला आली, की सफाईला आम्ही लागतो आणि माइक आला की आम्ही परके का. पाळी म्हणजे पाळी. शेवटी त्यांनी कपडे शिवणाऱ्या वहिनींना उभं केलं, कारण त्यांचा आवाज खणखणीत आहे. मला वाटलं, काहीतरी इकडचं तिकडचं बोलतील आणि सुटतील.

वहिनी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, मी माझ्या थोरल्या बहिणीची गोष्ट सांगते.

बहीण आणि तिचा नवरा दोघंही सरसाच्या कारखान्यात. कातडी भिजवायचे चुन्याचे हौद असतात, त्यांचा तळ रिकामा करून खरवडावा लागतो. हौदात उतरायची त्या दिवशी नवऱ्याची पाळी होती. सकाळी एकदा उतरून तो वर आला, तर त्याला चक्कर आली. खाली वायू साठला आहे हे त्याला कळलं. वरून साहेबांची घाई होती, हौद दुपारपर्यंत रिकामा हवा. नवऱ्याने पायातले रबरी बूट काढले, बायकोला दिले आणि म्हणाला, तू उतर, मी दोर धरतो. ती उतरली. थोड्या वेळाने दोर ढिला पडला. त्याने ओढला, पण एकट्याला ओढवेना, आणि खाली उतरायची त्याची छाती होईना. माणसं गोळा होईपर्यंत ती गेली होती. संध्याकाळी साहेबांनी नवऱ्याला बोलावून सांगितलं, ती आपणहून उतरली असं म्हण. तो तसं म्हणाला.

बघ, आपल्याला काय सांगितलं होतं? जेवणाच्या सुट्टीत आई कोणाला न विचारता हौदाकडे गेली, खरवडायचं पातं आत पडलं, ते काढायला उतरली आणि गुदमरली. कोणाचाच दोष नाही. असलाच तर तिचा, तिच्या घाईचा.

पण चिमे, बूट आठव. आईला घरी आणलं तेव्हा तिच्या पायांत बाबांचे बूट होते. गुडघ्याच्याही वर आलेले, आत तिची पावलं सैल. तू ते ओढून काढलेस आणि कोपऱ्यात उलटे केलेस तर आतून पांढरं पाणी निघालं. तू तेव्हाच विचारलं होतंस, हिच्या पायात यांचे बूट कसे. आत्या म्हणाली, असल्या वेळी असलं काही विचारू नये. मग आपण पुन्हा कधी विचारलं नाही.

काल ते बूट मी शिवणवाल्या वहिनींच्या तोंडून ऐकले. सभागृहात बायका पदर डोळ्यांना लावत होत्या, सहभागबाईंचे डोळे भरले होते, प्राध्यापक काहीतरी लिहून घेत होते. मी बाबांकडे पाहिलं. ते पहिल्या रांगेत मान डोलावत बसले होते. वहिनी बरोबर जागी थांबल्या, बरोबर जागी पाणी प्यायल्या, रडल्या ते अगदी शेवटी. बाबांनी सगळ्यांच्या आधी टाळी वाजवली.

मी मागे जाऊन चहाच्या भांड्यापाशी उलटी केली. लोकांना वाटलं, मला गोष्ट सोसवली नाही. म्हणून मला दोन बिस्किटं जास्त मिळाली.

आज सकाळी वहिनींकडे गेले. त्या मशीनवर होत्या. मी विचारलं, तुम्हाला थोरली बहीण आहे? त्या लाजल्या. बहीण नाही म्हणाल्या, पण बोलायला काहीतरी नातं लागतं ना. मग गोष्ट कुठून आणली? त्यांनी सरळ सांगितलं.

“तुमच्या बाबांनीच दिली की. आमच्या गल्लीकडे काही नाही म्हणून मी रडकुंडीला आले होते. ते म्हणाले, एका कामगाराच्या बायकोची आहे, पडूनच आहे, तू ने.”

शेजारून लग्नाला खुर्च्या न्याव्यात तशी आपली आई त्यांनी तिसऱ्या गल्लीला दिली. वहिनींना ती कोण हे ठाऊक नाही. मी सांगितलं नाही. त्यांनी मला विचारलं, बरी झाली ना हो? मी हो म्हटलं. चांगलीच झाली होती, हीच तर किळस आहे.

ताई

मंगळवार, ११ फेब्रुवारी

चिमे,

काल दुकानातून सुट्टी घेतली आणि बाबांसमोर बसले. ते गरम पाण्यात पाय सोडून बसले होते. मी त्यांना म्हटलं, वहिनींनी सांगितलं ते आईचं आहे का. त्यांनी इकडे तिकडे केलं नाही. हो म्हणाले, जणू मी भाजीवाला येऊन गेला का असं विचारलं होतं.

मी म्हटलं, आम्हाला का नाही सांगितलंत. ते म्हणाले, तुम्ही लहान होतात. मी म्हटलं, आता माझे केस पांढरे झाले. त्यावर ते म्हणाले की आता काय उपयोग. मग परक्या बाईला सांगून काय उपयोग झाला, असं मी विचारलं तर म्हणाले, बरं वाटलं. हलकं वाटलं. तिच्या तोंडून ऐकताना ते कुणा दुसऱ्याचं वाटतं, आणि लोक त्या नवऱ्यालाही फार बोलले नाहीत, तू ऐकलंस ना, प्राध्यापक म्हणाले की तो माणूसही व्यवस्थेचा बळीच होता.

म्हणजे ते निकाल ऐकायला बसले होते. वहिनींना पुढे करून स्वतः प्रेक्षकांत बसून निकाल ऐकला, आणि निकाल बाजूने लागल्यावर टाळी वाजवली.

मला एकच विचारायचं होतं. मी विचारलं, “खाली वायू आहे हे तुम्हाला कळलं होतं. मग तिला का उतरवलंत?”

त्यांनी पाण्यात पायाची बोटं हलवली.

“ती नाही म्हणाली नाही,” म्हणाले.

चिमे, मी हे वाक्य कालपासून तोंडात घोळवते आहे आणि ते थुंकताही येत नाही. आई कशालाच कधी नाही म्हणाली नाही. मीही नाही म्हणत नाही, म्हणून तर मी इथे राहिले. त्यांचा शर्ट मी इस्त्री करते, त्यांची औषधं मी आणते, ते पाय सोडून बसले होते ते पाणीही मीच तापवलं होतं. पाणी गार झाल्यावर त्यांनी टॉवेलसाठी हात पुढे केला. मी टॉवेल दिला. देऊन झाल्यावर मला माझ्या हाताचीच किळस आली.

मी त्यांना सांगितलं की हे तुम्ही स्वतः सांगायचं, सभागृहात, आईचं म्हणून. ते चक्क दचकले. म्हणाले, आमच्या गल्लीची पाळी संपली.

ताई

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

चिमे,

उद्या समारोप आहे. कुलगुरू येणार. वहिनींची गोष्ट विद्यापीठाला इतकी आवडली आहे की उद्या त्या ती पुन्हा सांगणार, विद्यार्थी तिचं चित्रीकरण करणार आणि पुढच्या वर्षीच्या व्याख्यानमालेला ‘तिसऱ्या गल्लीची बहीण’ असं नाव द्यायचं चाललं आहे. आई नावाची कोणी बाई कधी होऊन गेली याचा पत्ता लागू नये अशी ही सगळी तयारी. पहिली गल्ली नाराज आहे. वजनकाटेवाला तिसऱ्या बोटाबद्दल बोलू लागला आहे.

सहभागबाईंनी मला बोलावून विचारलं, त्या बहिणीची आणखी काही माहिती काढता येईल का, तुम्ही जुन्या आहात. मी म्हटलं, प्रयत्न करते.

कार्यक्रमपत्रिकेवर सगळ्यात शेवटी माझं नाव आहे. आभारप्रदर्शन, सचिव. आभारप्रदर्शन कोणी ऐकत नाही, लोक तेव्हा चपला शोधत असतात. पण माइक चालू असतो. मी उद्या बोलणार आहे. आई आपली होती आणि तिला कोणी उतरवलं, एवढं सांगणार. मग बाबांना त्या पहिल्या रांगेत बसवत नाही, त्यांना वस्तीत तोंड दाखवायला जागा राहत नाही, हे मला कळतं आहे. मला तेच हवं आहे. इतकी वर्षं मी त्यांचं तोंड एकटीने बघितलं, आता सगळ्यांनी बघावं.

तू येणार नाहीस हे माहीत आहे. म्हणून आधी कळवते आहे. हे पत्र पोचेल तेव्हा होऊन गेलेलं असेल.

ताई

रविवार, २ मार्च

चिमे,

झालं. जसं झालं तसं लिहिते.

कुलगुरू तासभर बोलले. वहिनींनी गोष्ट सांगितली, या वेळी बुटांत थोडा चुनाही घातला. मग माझं नाव पुकारलं. मी कुलगुरूंचे आभार मानले, प्राध्यापकांचे, माइकवाल्याचे, बिस्किटवाल्याचे. लोक उठायला लागले होते. मग मी म्हटलं, आता एका बाईचे आभार मानायचे राहिले आहेत. वहिनींनी जी गोष्ट सांगितली ती त्यांच्या बहिणीची नाही, त्यांना बहीण नाही. ती माझ्या आईची आहे. हौदात उतरायची पाळी माझ्या वडिलांची होती. खाली वायू आहे हे त्यांना कळलं होतं. त्यांनी आईला उतरवलं, ती आपणहून उतरली असं सांगितलं आणि मुकादम झाले. ते समोर बसले आहेत.

आवाज अजिबात कापला नाही. तुला ऐकून बरं वाटलं असतं.

उठलेले लोक परत खाली बसले. मला वाटलं, आता. आता कोणीतरी उठेल, कोणीतरी थुंकेल, निदान कोणीतरी तोंड फिरवेल. बाबा खाली मान घालून बसले होते आणि त्यांचे कान लाल झाले होते. आयुष्यात पहिल्यांदा मला ते लहान दिसले.

आणि मग प्राध्यापक उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले.

त्यांच्यामागून कुलगुरू. मग विद्यार्थी, मग पहिली गल्ली, दुसरी, सगळ्याच. उभं राहून टाळ्या, चिमे. बाबांनी मान वर केली, इकडे तिकडे पाहिलं, आणि टाळ्या आपल्यासाठी आहेत हे त्यांना माझ्या आधी कळलं. ते उठले. त्यांनी हात वर केला, थोडासा, दोन बोटं पुढे, ज्येष्ठ मार्गदर्शक करतात तसा. कुलगुरूंनी खाली उतरून त्यांना मिठी मारली आणि माइकवर म्हणाले की हे मुलीकडून ऐकून घेण्याचं धैर्य या वडिलांनी दाखवलं, आपण सगळ्यांनी त्यापुढे नतमस्तक व्हायला हवं. बॉयलरवाला ढसाढसा रडत होता. वहिनी मात्र पडदा धरून उभ्या होत्या, पांढऱ्या पडलेल्या. त्या एकट्याच माझ्याकडे आल्या, “मला माहीत नव्हतं हो,” म्हणाल्या आणि निघून गेल्या. काल त्या सभागृहात मला माणूस म्हणून दिसलेलं ते एवढंच.

सहभागबाईंनी माझे दोन्ही हात धरले. म्हणाल्या, अशाच क्षणासाठी हा सगळा सहभाग असतो. त्यांना सगळं परत एकदा हवं आहे, नीट प्रकाशात, कारण चित्रीकरणवाल्या मुलाने आभारप्रदर्शन म्हणून कॅमेरा आवरून ठेवला होता. मी नाही म्हटलं. त्यांनी ते सही द्यायला लाजणाऱ्या माणसाचं ‘नाही’ आहे असं धरलं. पुढच्या वर्षी पहिल्याच शनिवारी बाबांचं व्याख्यान आहे. स्वतंत्र. ‘दोराचं दुसरं टोक’ असं काहीतरी नाव सुचवलं आहे. दुसरी मुलगी कुठे असते असं सहभागबाईंनी विचारलं तेव्हा बाबांनी तुझा पत्ता दिला. माझ्या पिशवीतल्या तुझ्या कार्डावरून पाठ केलेला होता. त्या तुला लिहितील, फार गोड लिहितील. दोघी बहिणी एका व्यासपीठावर, असं काहीतरी.

घरी आल्यावर बाबांनी शर्ट काढून माझ्याकडे दिला, उद्या धुवायला. जेवायला बसले. चांगले जेवले. मी समोर बसून बघत होते. म्हटलं, काहीतरी बोलतील. मला शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं, त्या शिव्यांत आई तरी असती. ताट पुसून झाल्यावर ते बोलले.

“बरं बोललीस. पण आईचं नाव घ्यायच्या आधी थांबायला हवं होतंस. लोकांना तयार व्हायला वेळ लागतो.”

मी भांडी घासली नाहीत. शर्ट तसाच जमिनीवर टाकला आहे. आता सकाळ झाली आहे, ते आतून चहासाठी दुसऱ्यांदा हाक मारताहेत आणि मी दारातल्या पायरीवर बसून हे लिहिते आहे. दुकानाच्या मालकिणीला रात्रीच फोनवर सांगून झालं आहे की मी महिनाअखेरपर्यंतच आहे. बाबांची औषधं समोरच्या कपाटात आहेत, नावं मोठ्या अक्षरांत लिहिलेली आहेत, ते वाचू शकतात. वस्ती त्यांना उपाशी ठेवणार नाही, पाळी लावेल.

तुझी माफी मागायला मी हे लिहीत नाही, आणि तू मला माफ करावं असंही काही मी केलेलं नाही. मी फक्त राहिले. तू गेलीस तेव्हा मला वाटलं होतं की आपल्या दोघींपैकी एकीने तरी राहायला हवं. आता मला ते का वाटलं, तेच आठवत नाही.

त्या बाईंच्या पत्राला उत्तर देऊ नकोस. मला दे. तुझ्याकडे एका माणसाची सोय होईल का, एवढंच लिही. एकाच माणसाची.

ताई